चेहऱ्याची अतिकोरडी त्वचा : आधी काय थांबवावे, मग काय, कधी आणि किती लावावे

डिसेंबर लागला की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एकच तक्रार रोज ऐकू येते : "तीन क्रीम बदलून झाली, तरी गाल फुटतातच, आणि आता तर काहीही लावले की आग होते." मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही; परंतु अशा प्रत्येकाला मी काय लावता यापेक्षा कधी आणि कसे लावता हे आधी विचारते, आणि बहुतेक वेळा चूक क्रीममध्ये नसून क्रमात सापडते. चेहरा कढत पाण्याने व साबणाने धुतला जातो, पंच्याने खसाखसा पुसला जातो, मग देवपूजा, चहा, डबा असे सगळे आटोपल्यावर, त्वचा पुरती वाळलेली असताना, हरभऱ्याएवढे क्रीम घाईघाईने चोळले जाते. असे केल्यास कितीही महागडे क्रीम वाया जाणारच.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांना जोडून ठेवणाऱ्या स्निग्ध द्रव्यांचा असतो. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले ही ती द्रव्ये होत. ती धुऊन निघाली की त्वचा माठासारखी पाझरू लागते. आतले पाणी सतत वर झिरपते आणि कोरड्या हवेत उडून जाते. हा पाझर थांबवणे हे खरे काम आहे, आणि ते पुढील क्रमानेच करावे. टप्पे गाळू नयेत.

टप्पा १ : हा कोरडेपणाच आहे का, याची खात्री करावी

काहीही विकत घेण्यापूर्वी एक सकाळ निरीक्षणासाठी द्यावी. चेहरा केवळ कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावा, अर्धा तास काहीही लावू नये, आणि मग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आरसा धरावा. गाल आणि ओठांभोवतीचा भाग ताणल्यासारखा वाटत असेल, हसताना त्वचा ओढली जात असेल, नख हलकेच फिरवल्यावर पांढरी रेघ उमटत असेल, तर हा कोरडेपणा आहे, असे समजून पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र कोरडेपणासारख्या दिसणाऱ्या काही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यावर तेल-क्रीमचा मारा करणे व्यर्थ, क्वचित अपायकारकही ठरते.

नाकाच्या कडा, भुवया आणि केसांची रेषा एवढ्याच जागी लालसरपणा व पिवळट, तेलकट खपल्या असतील आणि डोक्यातही कोंडा असेल, तर तो कोंड्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार असण्याची शक्यता मोठी आहे. तेथे घरगुती तेल चोळल्यास त्रास वाढतो, कारण त्यामागची बुरशी स्निग्धतेवरच पोसली जाते.

लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत चट्टे पाहून घरातली मोठी माणसे "कॅल्शियम कमी झाले" किंवा "पोटात जंत झाले" असे ठामपणे सांगतात. या चट्ट्यांचा कॅल्शियमशी काहीही संबंध नसतो. बहुधा तो इसबाचा अगदी सौम्य प्रकार असतो. साधे मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव एवढ्याने तो हळूहळू, कधीकधी काही महिन्यांनी, विरतो.

कपाळावर नेमक्या टिकलीच्या जागी कोरडेपणा, खाज किंवा फिकट डाग असेल, तर दोष टिकलीच्या गोंदातील रसायनांचा असू शकतो. तेथे क्रीम लावून पुन्हा तीच टिकली चिकटवण्यात अर्थ नाही. चिकटणारी टिकली पूर्ण बंद करावी.

*सावधान :* फिकट किंवा तांबूस चट्टा कोरडा पडला असेल, त्यावर घाम येत नसेल आणि डोळे मिटून कापसाचे टोक टेकवल्यावर स्पर्श नीट कळत नसेल, तर कोणतेही क्रीम न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून हातापायांवर व पाठीवर असे चट्टे आहेत का, हेही पाहावे. या रोगावरचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि वेळेवर घेतल्यास तो पूर्ण बरा होतो. लपवण्याने केवळ नसांचे नुकसान वाढते.

टप्पा २ : किमान दोन आठवडे जवळजवळ सगळे थांबवावे

हा टप्पा लोकांना सर्वांत जड जातो, कारण त्रास होत असताना काहीतरी लावल्याचे समाधान हवे असते. परंतु पाझरणाऱ्या त्वचेवर रोज नवे काही लावत राहिल्यास नेमके कशाने चुरचुरते, हे कधीच कळत नाही.

बेसन, मुलतानी माती आणि संत्र्याच्या सालीची पूड या तिन्ही वस्तू त्वचेवरचे तेल शोषून घेतात. तेलकट चेहऱ्याला ते चालून जाते, कोरड्या चेहऱ्याला नाही. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. घरच्या कोरफडीच्या पानाला कापल्यावर जो पिवळसर चीक येतो, त्याने पुष्कळांच्या त्वचेला खाज सुटते. दिवाळीचे उटणे अंगाला अवश्य लावावे, चेहऱ्याला मात्र रीत म्हणून लावायचेच असेल तर साईत कालवून बोटाने टेकवावे, चोळू नये, आणि वाळून कडक होण्याच्या आत धुवावे.

बाजारातल्या वस्तूंपैकी स्क्रब, टोनर, फेस वाइप्स, कोळशाचे मास्क, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेले फेसवॉश, रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी सीरम हे सगळे टप्पा ८ येईपर्यंत बाजूला ठेवावे. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद न करता त्यांना विचारावे, कारण आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल त्वचा कोरडी करतातच, आणि त्यावर मात्रा किंवा दिवस कमी करणे हा उपाय डॉक्टरच सुचवू शकतात.

पुरुषांनी सलूनमधील तुरटी आणि अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह हे दोन्ही टाळावे. दाढी अंघोळीनंतर, केस मऊ असताना करावी आणि पाते केसांच्या दिशेनेच फिरवावे.

*सावधान :* कपाटातली प्रत्येक ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले, तर ते स्टेरॉइडयुक्त मलम आहे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून "गोरेपणाचे क्रीम" म्हणून ही मलमे महिनोन्महिने चेहऱ्याला फासणारे लोक मी रोज पाहते. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम थांबवले की चेहरा पेटल्यासारखा होतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली, ती याच कारणाने. असे मलम दीर्घकाळ लावले असेल तर ते एकदम सोडू नये आणि पुढचे टप्पेही स्वतः करू नयेत. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

टप्पा ३ : तीनच वस्तू निवडाव्यात

पहिली वस्तू धुण्यासाठी, दुसरी ओलावा धरण्यासाठी, तिसरी तो कोंडून ठेवण्यासाठी. चौथी वस्तू सनस्क्रीन, तिच्याकडे पुढे येऊ.

धुण्यासाठी साबण नको. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असतो, खरा साबण, मग तो बाळांसाठीचा असो की ग्लिसरीनचा पारदर्शक, साधारण ९ ते १० सामूचा, म्हणजे अल्कधर्मी असतो. वेष्टनावरच्या टीएफएमच्या (टोटल फॅटी मॅटर) आकड्याने पुष्कळ जण फसतात. ७६ टक्के किंवा अधिक टीएफएम म्हणजे ग्रेड १ चा साबण हे खरे, परंतु तो आकडा साबणातील स्निग्ध घटकांचे प्रमाण सांगतो, सौम्यपणाची हमी देत नाही. दुकानात "सिंडेट बार" (साबणाऐवजी कृत्रिम फेसकांची वडी) किंवा "साबणविरहित क्लीन्झर" असे विचारावे, आणि घटकांत सोडियम कोकोइल आयसेथिओनेटसारखा सौम्य फेसक (फेस आणून मळ काढणारा घटक) आहे का ते पाहावे. सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव पहिल्या काही घटकांत असेल तर ती बाटली फळीवर परत ठेवावी.

दुसरी वस्तू क्रीम. लोशन नव्हे, जेल तर नव्हेच. लोशनमध्ये पाणी जास्त असते आणि अतिकोरड्या चेहऱ्याला ते पुरत नाही. चांगल्या क्रीममध्ये पाणी धरणारा एक घटक हवा, म्हणजे ग्लिसरीन किंवा फार तर ५ टक्क्यांपर्यंत युरिया, आणि पाणी अडवणारा एक घटक हवा, म्हणजे व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन किंवा डायमेथिकोन. सिरॅमाइड असल्यास उत्तमच, पण त्यासाठी खिशाला ताण देण्याची गरज नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन व पॅराफिनचे साधे, बिनवासाचे क्रीम योग्य वेळी लावल्यास आपले काम चोख करते. टाचांसाठी आणलेले २० टक्के युरियाचे क्रीम चेहऱ्याला लावू नये, आग होते.

सुगंध हा शब्द येथे दोषाचा मानावा. घटकांत "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स", मेन्थॉल, कापूर असल्यास ती वस्तू टाळावी. याउलट सिटाइल अल्कोहोल आणि स्टिअरिल अल्कोहोल ही नावे पाहून घाबरू नये. ती मेणासारखी स्निग्ध द्रव्ये असून त्वचा कोरडी करत नाहीत.

तिसरी वस्तू साधी पेट्रोलियम जेली. त्वचेतून उडणारे पाणी अडवण्यात तिच्याइतके परिणामकारक आणि स्वस्त दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. "व्हॅसलिनने चेहरा काळा पडतो" ही समजूत मी रोज ऐकते. कोरड्या त्वचेवरचे उचललेले पापुद्रे प्रकाश विखुरतात, म्हणून चेहरा राखाडी, पांढुरका दिसतो. जेलीने ते पापुद्रे बसले की त्वचेचा मूळ रंग पुन्हा दिसू लागतो. तो आपलाच रंग आहे. मुरुमांची प्रवृत्ती असलेल्यांनी मात्र ती केवळ फुटलेल्या जागी लावावी.

खोबरेल तेलाविषयी हटकून विचारले जाते. अंगासाठी ते चांगले आहे. चेहऱ्यावर काहींची रंध्रे त्याने बुजतात आणि पुळ्या येतात. मोहरीचे तेल कोरड्या चेहऱ्यावर लावूच नये. कोकणातले कोकमतेल, म्हणजे मुठेल, भेगाळलेल्या ओठांवर मला स्वतःला अतिशय मानवते. थंडीत ते दगडासारखे घट्ट असते, म्हणून चिमटीत धरून बोटांच्या उबेने मऊ झाल्यावरच टेकवावे, ओठांवर घासू नये.

टप्पा ४ : थेट चेहऱ्यावर प्रयोग करू नये

नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावावे. एकदा लावून तासाभरात पाहण्याला चाचणी म्हणता येत नाही, कारण अ‍ॅलर्जीची खाज उमटायला कित्येकदा काही दिवस लागतात. हातावर काही झाले नाही, तर दोन दिवस जबड्याच्या कडेला, कानाखाली लावावे, आणि त्यानंतरच संपूर्ण चेहऱ्याला. तीन वस्तूंची चाचणी एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी घेता येते. हा आठवडा टप्पा २ च्या पंधरवड्यातच धरावा. तोवर चेहऱ्याला केवळ कोमट पाणी आणि नेहमी मानवणारी पेट्रोलियम जेली पुरेशी आहे.

*तपासणी :* फुटलेल्या त्वचेवर क्रीम लावल्यावर मिनिटभर हलके चुरचुरणे क्षम्य आहे. पाच मिनिटांनंतरही आग होत राहिली, जागा लाल झाली किंवा पुरळ आले, तर ते धुऊन टाकावे आणि पुन्हा वापरू नये. "सवय होईल" असे म्हणून पुढे रेटण्यात धोका आहे.

टप्पा ५ : चेहरा धुण्याची रीत

बरेचसे नुकसान न्हाणीघरात होते, म्हणून या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते.

क्लीन्झर दिवसातून एकदाच, रात्री, वापरावा. सकाळी नुसते पाणी पुरते. रात्रभरात चेहऱ्यावर असा कोणता मळ बसत नाही की ज्याला फेस लागावा. पाणी कोमट असावे, आणि कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ऊनही लागत नाही आणि गारही लागत नाही असे. निफाडच्या बाजूला काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा कढत पाण्याचा मोह समजण्यासारखा आहे. अंगावर घ्यावे, चेहऱ्यावर घेऊ नये. बंबातले वाफाळते पाणी तोंडावर मारून "बरे वाटते" हे खरे, पण ते पाणी नेमकी हवी असलेली स्निग्धता विरघळवून नेते.

अंघोळीत चेहरा सर्वांत शेवटी धुवावा. डोके धुताना शॅम्पूचा फेस कपाळावरून गालांवर उतरतो, आणि शॅम्पूतील फेसक चेहऱ्याच्या मानाने फार तीव्र असतात. म्हणून मान मागे टाकून केस धुवावेत आणि त्यानंतर चेहऱ्यावरून स्वच्छ पाणी घ्यावे. डोक्याच्या दिवशीच गाल जास्त फुटतात, असे सांगणाऱ्यांना एवढा एक बदल पुरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

क्लीन्झर आधी ओल्या तळहातांवर मऊ करून घ्यावा, बोटांच्या पेरांनी वीस-तीस सेकंद हलक्या हाताने फिरवावा आणि लगेच धुवावा. जाळी, घासणी, लुफा, खरखरीत नॅपकिन यांपैकी काहीही चेहऱ्याला लागू नये. उचललेले पापुद्रे नखांनी सोलू नयेत. त्यांच्याखालची त्वचा अजून तयार झालेली नसते आणि सोलल्यावर तेथेच बारीक चीर पडते.

आता पाण्याविषयी. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत बादलीच्या काठावर पांढरे वलय धरते, नळाच्या तोटीवर खडूसारखा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. हे जड पाणी आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचा साबणाशी संयोग होऊन जो चिकट साका तयार होतो, तो बादलीवर बसतो तसाच त्वचेवरही बसतो आणि तिला डिवचत राहतो. सिंडेटचा असा साका होत नाही, हे साबण सोडण्याचे आणखी एक कारण. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या आरओ फिल्टरच्या (क्षार काढणाऱ्या) पाण्याचा घेतला, तर फरक पडू शकतो. पाणी उकळल्याने जडपणाचा काही भागच जातो, सगळा नाही, हे लक्षात ठेवावे.

*तपासणी :* धुतल्यावर चेहऱ्यावर बोट फिरवताना भांड्यासारखे "कर्र" वाजत असेल किंवा दोन मिनिटांत त्वचा ताणू लागली असेल, तर क्लीन्झर तीव्र आहे किंवा पाणी गरम आहे. धुतलेला चेहरा मऊ वाटला पाहिजे, "चकचकीत स्वच्छ" नव्हे.

टप्पा ६ : तीन मिनिटांतले काम

मऊ सुती पंचा चेहऱ्यावर टेकवून पाणी टिपावे, पुसू नये, आणि ओलसरपणा शिल्लक ठेवावा. पाण्याचे थेंब ओघळू नयेत, पण बोट लावल्यावर ओल जाणवली पाहिजे. या क्षणापासून तीन मिनिटांच्या आत क्रीम लागले पाहिजे. क्रीम पाणी तयार करत नाही, असलेले पाणी धरून ठेवते. चेहरा वाळल्यावर ते लावणे म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण लावणे.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका चौथे क्रीम विचारायला आल्या होत्या. जबड्याच्या दोन्ही कडांना पिठासारखी भुकटी, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा. त्यांचे तिसरे क्रीम उत्तम होते. फक्त ते शयनघरातल्या आरशापाशी ठेवलेले होते आणि तिथे पोहोचेपर्यंत मुलांची वेणीफणी उरकावी लागे. मी नवे क्रीम दिले नाही, तेच न्हाणीघरातल्या फळीवर ठेवायला सांगितले. तीन आठवड्यांनी त्या दुसऱ्या कशासाठी तरी आल्या तेव्हा जबड्यावरची भुकटी गेलेली होती. त्या दिवसापासून ट्यूब नळापासून हाताच्या अंतरावर असावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

प्रमाण किती, यातही गफलत होते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून पिळलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान यांना अशा अडीच पट्ट्या लागतात, म्हणजे एका वेळी सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावल्यास ३० ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपते. तुमची ट्यूब दोन महिने पुरत असेल, तर क्रीम निकामी ठरवण्यापूर्वी स्वतःचा हात किती आखडता आहे, हे पाहावे.

दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी आणि मान अशा पाच जागी ठिपके ठेवून, केसांच्या वाढीच्या दिशेने, वरून खाली, दाब न देता पसरावे. गोल गोल चोळण्याने उचललेले पापुद्रे आणखी उचलले जातात. पापण्यांवर क्रीम लावू नये. डोळ्यांखाली हाडाच्या कडेपर्यंतच थांबावे.

रात्री, क्रीम लावून पाच मिनिटे झाल्यावर, जिथे त्वचा सर्वांत जास्त फुटते तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा. ज्वारीच्या दाण्याएवढी जेली दोन बोटांत पातळ करून गालावर नुसती थापटली, की पुरे. नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडा आणि ओठांचे कोपरे विसरू नयेत.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी ही जुनी जोडी वाईट नाही, परंतु क्रम तिथेही चुकतो. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत, कोरड्या चेहऱ्यावर लावल्यास ते त्वचेच्या आतलेच पाणी वर ओढते आणि तासाभरात चेहरा अधिक ताणतो. एक भाग ग्लिसरीनला निदान चार-पाच भाग पाणी असावे, ते ओल्या चेहऱ्यावर लावावे आणि त्यावर क्रीम आलेच पाहिजे. हायलुरॉनिक आम्लाचे सीरमही असेच पाणी ओढणारे असते, त्यालाही हाच नियम.

*सावधान :* पॅराफिन आणि जेली ओढणीत, मफलरमध्ये, उशीच्या अभ्र्यात मुरते, आणि असे कापड आगीजवळ गेल्यास साध्या कापडापेक्षा झपाट्याने पेट घेते. चूल, गॅस किंवा शेकोटीजवळ बसताना ते अंगावर नसावे, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी धुवावे.

टप्पा ७ : घराबाहेर आणि घरात

सकाळी क्रीम लावल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, किमान ३० एसपीएफचे, क्रीमच्या स्वरूपातले, बिनवासाचे सनस्क्रीन तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन पट्ट्यांत लावावे. चुरचुरल्यास झिंक ऑक्साइड असलेले निवडावे. हिवाळ्यातले ऊन कोवळे वाटते म्हणून ते सोडू नये.

दुचाकीवरून जाताना लागणारा वारा अर्ध्या तासात सकाळचे सगळे काम पुसून टाकतो. चेहऱ्यावर सुती स्कार्फ बांधावा, लोकरीचा खरखरीत नको, आणि तो धुताना डिटर्जंट राहू नये म्हणून एकदा जास्त खळबळावा. घरी झोपताना पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नये; हीटर लावणे भाग असेल तर झोपण्यापूर्वी खोली ऊबदार करून तो बंद करावा. दुपारी चेहरा ताणू लागल्यास पुन्हा न धुता, ओल्या हाताने चेहरा ओलसर करून थोडे क्रीम लावावे.

दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिऊन कोरडेपणा जात नाही. तहानेपुरते प्यावे, तेवढे पुरे.

टप्पा ८ : चार आठवडे थांबून मगच भर घालावी

वरचा थर नव्याने घडायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी क्रीम बदलले, तर हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आग साधारणपणे पहिल्या आठवड्यात कमी होते, पापुद्रे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि ताण सर्वांत शेवटी जातो. दर रविवारी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी चेहऱ्याचा फोटो काढून ठेवावा. रोजच्या आरशात हा फरक कळत नाही.

चौथ्या आठवड्यानंतर धुतल्यावर अर्धा तास काहीही न लावता ताण जाणवत नसेल, तर बाजूला ठेवलेली एकच वस्तू, आठवड्यातून दोन रात्री, क्रीमच्या वर लावून परत आणता येते. दोन आठवडे निभावले तर दुसरी. रेटिनॉल सर्वांत शेवटी यावे, आणि गरोदरपणात मुळीच येऊ नये. स्क्रब परत आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ९ : डॉक्टरांकडे केव्हा आणि काय घेऊन जावे

चिरांमधून पाणी येत असेल, मधासारखी पिवळी खपली धरत असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा खाजेने झोपमोड होत असेल, तर चार आठवड्यांची वाट पाहू नये. सगळे टप्पे नीट पाळूनही महिनाभरात फरक पडला नाही, तरीही जावे. कोरडेपणाबरोबर थकवा, वजन वाढणे, केस गळणे आणि इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घेणे रास्त आहे. रजोनिवृत्तीच्या आसपास कोरडेपणा बऱ्याचदा वाढतो, आणि काही औषधांनी, उदाहरणार्थ लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही, तो वाढू शकतो. त्या गोळ्या मात्र स्वतः बंद करू नयेत.

जाताना गेल्या सहा महिन्यांत चेहऱ्याला लागलेली प्रत्येक ट्यूब, बाटली आणि पुडी, अगदी नाव नसलेल्या डबीसह, एका पिशवीत घालून न्यावी, चालू गोळ्यांची यादी आणि रविवारचे फोटो दाखवावेत, आणि त्या दिवशी सकाळी चेहऱ्याला क्रीम, पावडर किंवा मेकअप लावू नये, म्हणजे डॉक्टरांना त्वचा जशी आहे तशी पाहता येईल.